डेअरीच्या कुत्रीचं कातडं

लग्न होऊन पाटोद्याजवळच्या त्या गावात आले, तेव्हा गावच्या दूध सोसायटीची डेअरी आमच्याच ओसरीवर भरायची. माझे मालक दूध मापायचे, मी कॅन विसळायचे. विसळणीचं पांढरट पाणी आणि नासलेलं दूध एका तांबड्या कुत्रीच्या वाट्याला जायचं. तिच्या पाठीवरून हात फिरवला की मऊ लागायचं.

मग काही वर्षांनी दुष्काळ पडला. जनावरं आटली, चारा छावणीवर गेली. सोसायटी बंद पडली. कुत्रीला आता ज्वारीच्या भाकरीचे वाळके तुकडे, टँकरच्या पाण्यात भिजवलेले. आधी तिचे केस राठ झाले, मग कोंडा पडायला लागला, मग शेपटीच्या बुडाशी आणि कानामागं पार झडले. भिंतीला पाठ घासून घासून ती लालभडक करून घ्यायची.

गल्लीतले म्हणाले, लूत लागली, लेकरांना होईल, हाकला. मालकांनी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल आणून चोपडलं. कातडं भाजल्यासारखं झालं. ते चाटून ती ओकायला लागली.

छावणीवर जनावरांचे डॉक्टर यायचे. आम्ही तिला दोरी लावून तिकडं नेलं. त्यांनी कातडं खरवडून तपासायला नेलं आणि पुढच्या खेपेला सांगितलं, "ही लूत नाही. ऑइल परत लावू नका. नुसत्या भाकरीवर आहे ना ही? अंडं, दूध, मांसाचं काही पोटात गेलं, तरच कातडं केस धरेल."

आमची लेकरं बिनदुधाचा चहा पीत होती. कोंबड्या विकून झाल्या होत्या.

बाजाराच्या दिवशी पाटोद्यात मटणवाल्या चाचांकडं गेले. छाटण टाकून देता का, विचारलं.

"आता कोण टाकतंय, बेटी," ते म्हणाले. "चरबीसुद्धा लोक नेतेत. बघतो, ठेवतो थोडं."

सासूबाई माळकरी, घरात मांस चालायचं नाही. म्हणून गोठ्यामागं दगड मांडून मी ते जुन्या डब्यात शिजवायला लागले. एकदा त्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"काय शिजवती गं?"

मी सांगितलं.

"लेकरायला काय न्हाई, अन् कुत्रीला," म्हणाल्या. मी डबा ढवळत राहिले. जाता जाता म्हणाल्या, "झाकण ठेव. कावळे नेतेन."

काही बाजार असे गेले. कुत्रीच्या पाठीवर बारीक लव आली. मालक रोज बोट फिरवून बघायचे. मग एका बाजारी चाचांचं दुकान बंद दिसलं. शेजारच्या फळवाल्यानं सांगितलं, गिऱ्हाईकच उरलं नाही, ते लेकाकडं निघून गेले.

आली होती ती लव पुन्हा झडली. कातडं चिरलं, चिरांवर माश्या बसायला लागल्या. हळदीचं पाणी लावायचे, तेवढंच हातात होतं. हिला काय दिलं म्हणजे बरी होईल, ते मला ठाऊक होतं. रोज मी तिच्यापुढं भाकरच टाकत होते.

उन्हाळा सरायच्या आत ती गोठ्याच्या सावलीत पडून राहिली, ती उठलीच नाही. सासूबाईंनी जुन्या लुगड्याचा धडपा काढून दिला. मालकांनी बांधाकडं खड्डा घेतला; जमीन इतकी तापून घट्ट झाली होती की पहारही आत जात नव्हती, त्यामुळं खड्डा उथळच राहिला.