सानगडीत कोणाच्या घरचा?

"चोर असो का सायेब असो, मी पयले इचारतो, कोणाच्या घरचा गा तू?"

हे सत्यभामाबाई खुद्द योगेंद्र साहेबांना म्हणाल्या होत्या, साहेब बदलून आले त्या पहिल्याच दिवशी, दारात. आपण या कार्यालयाचे नवे प्रमुख आहोत, असं साहेबांनी सांगितलं. बाईंनी मान डोलावली. "ते बराबर हाय. पण घरचे कोणाचे?" साहेब निघाले लातूरकडचे. बाईंनी डोक्यात पुष्कळ शोधलं, लातूरकडचं कोणी सापडेना. त्यांनी साहेबांना आत सोडलं खरं, पण पुढे आठवडाभर त्या हळहळत होत्या. एवढा मोठा माणूस, आणि आला तो असा मोकळाच, एकाही नात्याला न धरता.

साकोली तालुक्यातल्या त्या सरकारी कार्यालयात सत्यभामाबाई परिचर होत्या. सव्वीस वर्षं त्यांची खुर्ची दाराशीच. येणाऱ्याचं काम त्या नंतर विचारत. तिसऱ्या प्रश्नाला गाव, पाचव्याला आजा आणि सातव्याला सोयरीक बाहेर येई. मग त्या माणसाचा अर्ज कोणत्या टेबलावर जायचा हे सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा, कारण आता तो कोणाच्या तरी चुलतसाळ्याचा अर्ज असायचा.

उन्हाळ्यात त्या भाचीच्या लग्नाला एकोडीला गेल्या, आणि नेमका त्याच दिवशी घात झाला. गळ्यात कार्ड अडकवलेला एक माणूस पंखे तपासायला म्हणून आला. मोठे बाबू केशवराव यांना तो 'सर' म्हणाला, त्यांच्याचकडून स्टूल मागून घेतलं, पंख्याच्या पात्यावर बोट फिरवून धूळ दाखवली आणि जाताना कार्यालयाचा लॅपटॉप घेऊन गेला. दार केशवरावांनीच उघडून धरलं, कारण त्या बिचाऱ्याचे हात भरलेले होते.

त्यावर उपाय म्हणून सुरक्षा जनजागृती कार्यक्रम आला. पोलीस उपनिरीक्षक खुशबू मॅडम आल्या. त्यांनी सभागृहात दोन तास सांगितलं: कपाटाची किल्ली टेबलावर ठेवू नका, पासवर्ड कागदावर लिहून काचेखाली सरकवू नका, बेवारस पिशवीला हात लावू नका. प्रत्येकाला एकेक शिट्टी दिली. शेवटी म्हणाल्या, "येत्या पंधरा दिवसांत आमचा एक माणूस चोर बनून येईल. कधी, ते सांगणार नाही. बघू, कोण ओळखतं."

दुसऱ्या दिवशी दारावर फलक लागला. ओळखपत्र पाहा. नोंद करा. गप्पा टाळा. पहिल्या दोन ओळी मॅडमच्या होत्या. तिसरी साहेबांची, आणि ती कोणासाठी आहे हे अख्ख्या कार्यालयाला कळलं.

केशवरावांनी बाईंना बाजूला घेतलं. "सत्यभामाबाई, सांभाळून राहा बरं. या परीक्षेत दार नापास झालं, तं सायेब तुमाले मागच्या अभिलेख कक्षात बसवणार हायेत."

"कायले?"

"दारावर मशीन बसवतो म्हणतात. अंगठा लावायची."

"मशीन कोणाले काय इचारंल?"

"काईच नाई. तेच तं पायजे सायबाले."

अभिलेख कक्ष म्हणजे मागची खोली. खिडकी नाही, दिवसाही दिवा लावावा लागतो. तिथे फक्त गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर गाव आधीच लिहिलेलं. विचारायला काही उरलेलंच नाही. निवृत्तीला अकरा महिने होते. अकरा महिने तिथे!

मग बाईंनी तोंड बंद ठेवलं. पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी नाकाडोंगरीचा एक म्हातारा हुबेहूब त्यांच्या मामेसासऱ्यासारखा दिसणारा आला, तर बाईंनी पदराचं टोक दातांत धरलं आणि त्याची नोंद केली. लोक घाबरले. सानगडीच्या कुंताबाई, ज्या दाखल्यासाठी महिनाभर खेटे घालत होत्या, त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तं नाई ना वो तुमाले?"

अकराव्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, एक तरणाबांड माणूस आला. गळ्यात कार्ड, खांद्यावर बॅग. संगणक दुरुस्तीवाला. कार्डावर फोटो, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. बाईंनी कार्ड दोनदा पाहिलं. नोंदवहीत नाव उतरवलं. गाव उतरवलं: सानगडी.

पेन तिथेच थांबलं.

तो माणूस आत निघाला. एक पाऊल, दोन पावलं. बाईंनी पदर तोंडात कोंबला. सानगडी म्हणजे त्यांचं माहेर! तीन पावलं. समोर फलकावरची तिसरी ओळ, आणि त्या ओळीमागे ती बिनखिडकीची खोली. चार. बाईंनी पदर सोडला. खोली तर खोली!

"सानगडीत कोणाच्या घरचा गा तू?"

माणूस वळला. हसला. "ते... किल्ल्यापाशी."

व्हरांड्यातून कुंताबाई उठल्या. "किल्ल्यापाशी तं मी रायतो! तुले तं कदी पायलं नाई, बापू."

"मी बाहेरच असतो ना, मावशी."

"बायेर असंना. माय-बाप तं घरी असतीन?" सत्यभामाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. अकरा दिवसांचा उपास सुटत होता. "कोणाचा पोरगा?"

"पोरगा नाही... जावई आहे."

"कोणाचा?"

त्या माणसाने व्हरांड्यातल्या वीसेक डोळ्यांकडे पाहिलं. "केवळरामजींचा."

"केवळरामले तीन पोरंच हायेत," कुंताबाई ओरडल्या. "पोरगी कोठून आणली रे त्यानं? मले न सांगता?"

रांगेतले लोक रांग सोडून आले. कोणी म्हणालं, दुसरा केवळराम असेल. कोणी म्हणालं, दुसरा तर मागच्या साली वारला. एका म्हाताऱ्याने हिशेब लावून सिद्ध केलं, की हा माणूस खरं बोलत असेल तर त्याने आपल्याच मावशीशी लग्न केलेलं आहे. तो माणूस घामाने निथळला. "मी ऑफिसला फोन लावतो," म्हणत त्याने बॅगेकडे हात नेला. पण बॅग तोवर सत्यभामाबाईंच्या मांडीवर होती, आणि बाईंच्या तोंडात शिट्टी.

शिट्टी अशी वाजली, की झाडावरचे बगळे उडाले. सगळं कार्यालय धावत आलं. फक्त केशवराव टेबलाखाली शिरले. ते मागच्या वर्षीचं, भूकंपाचं प्रशिक्षण होतं.

बॅगेत लिपिक रीनाच्या टेबलावरची किल्ली आणि साहेबांचा पेनड्राइव्ह असा ऐवज सापडला नाही, कारण चोराला आत शिरायलाच मिळालं नव्हतं. सापडली एक पोळीभाजी आणि पोलिसाची टोपी.

साहेबांच्या खोलीतून खुशबू मॅडम बाहेर आल्या. डोळ्यांत हसून हसून पाणी. "हे पाचवं कार्यालय. आधीच्या चारही ठिकाणी आमच्या कैलाशला खुर्ची दिली, एका ठिकाणी सरबत दिलं. कार्ड मी स्वतः बनवलंय, त्यात खोट निघणारच नव्हती."

"पण नियम," साहेब हळूच म्हणाले. "गप्पा टाळा..."

"सर, ती ओळ माझी नाही."

सत्यभामाबाईंचं मात्र लक्ष कैलाशकडे होतं. "आता खरं सांग. गाव?"

"नाकाडोंगरी."

"कोणाच्या घरचा?"

"दादाजींचा नातू."

"अगा माय! म्हंजे माया मामेसासऱ्याच्या घरचा! मंग त्या दिशी आला तो म्हातारा तोच होता बिचारा, मी त्याले बोललो बी नाई." बाईंनी बॅग परत दिली. "बस. चाय पे. लगन झालं का?"

तीनला सभागृहात समारोप झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की मशीनचा प्रस्ताव ते मागे घेत आहेत. निवृत्तीपर्यंत दार सत्यभामाबाईंकडेच राहील, आणि तिसरी ओळ उद्या पुसली जाईल. टाळ्या पडल्या. मॅडमनी प्रमाणपत्र दिलं आणि माईक बाईंच्या हातात ठेवला. "बाई, दोन शब्द बोला."

"दोनवर भागते का त्यायचं?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सभागृह खदखदलं. केशवरावांनी खुर्चीत मांडी घातली.

बाईंनी माईक तोंडाजवळ नेला. घसा साफ केला. तेवढ्यात त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. व्हरांड्यात एक अनोळखी माणूस चढत होता. हातात फाईल, पायात चिखल. त्याने दारातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि आत पाऊल टाकायला लागला.

बाईंनी माईक केशवरावांच्या मांडीवर ठेवला, प्रमाणपत्राची गुंडाळी काखेत मारली, आणि एक शब्दही न बोलता सभागृहातून बाहेर पडल्या.