बोर्डाची दुसरी बाजू

मेहकरात कुठंही नवी भिंत उभी राहिली की या रंगाऱ्याला बोलावतात. आल्याआल्या तो शेडकार्ड उघडत नाही. दोन बोटं पाण्यात बुडवून भिंतीवर टेकवतो आणि ठसा किती वेळात सुकतो ते डोळे बारीक करून बघत बसतो.

आमच्या हॉलच्या मधोमध नवी जिप्सम बोर्डाची भिंत घातली होती, वर खरबरीत टेक्श्चर. ठसा बघता बघता नाहीसा झाला.

"लय पाणी पेते हे," तो म्हणाला. "पयले प्रायमर, मंग मॅट रंग. चमकता लावसान त सारे उंचवटे डोयात खुपतीन."

मग टिचकी मारून त्यानं विचारलं, "पलीकडं कोण राह्यते, सर?"

"धाकटा भाऊ." वाटणीपासून आमचं बोलणं बंद आहे, हे काही मी सांगितलं नाही.

"मंग त्याले बी रंग इचारून या. एकाच बाजूनं हात मारला त बोर्ड वाकते."

मला चीडच आली. पण नवा बोर्ड वाकू कसा द्यायचा? गेलो. "रंग कोणता लावायचा?" हे तीन महिन्यांतलं आमचं पहिलं वाक्य. भावानं आधी चहा ठेवला.

परवा बसस्टँडजवळच्या दुकानात तो रंगारी तसल्याच बोर्डाची एकच बाजू रंगवत होता.

"काऊन, हा नाही वाकत?" मी विचारलं.

हातातला रोलर न थांबवता तो म्हणाला, "तिकडं गोदाम हाय, सर. कोणाचा भाऊ नाही राह्यत."