झाकणावरचं नाव

अदलाबदल ग्रुपमधल्या समस्त पनवेलकरांनो, अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की आमच्या घरचे पोहे वर्षभर प्लास्टिकच्या पिशवीत दिवस काढताहेत आणि मऊ पडताहेत. त्यांचा स्टीलचा डबा बेपत्ता होता.

आज दुपारी सापडला. याच ग्रुपवर!

'चांगला डबा, बदल्यात तुळशीची कुंडी.' फोटो मोठा केला, तर झाकणावर माझ्या बायकोचं कोरलेलं नाव. पोस्ट समोरच्या दारातल्या सुनंदाताईंची. खाली उलव्याच्या एका बाईंनी 'निघालेच' असं लिहिलंही होतं. बारा वर्षांचा शेजार, आणि किंमत एक कुंडी?

तरातरा जाऊन बेल दाबली. "ताई, आमचा डबा परस्पर वाटता?"

"अनारसे आले होते त्यातून, भाऊजी. रिकामा परत कसा देऊ? हे गेल्यापासून घरात काही तळलंच नाही."

"म्हणून ग्रुपवर?"

"ग्रुपवर टाकलं की कोणीतरी येतं, चार शब्द बोलतं. तुम्ही वर्षभरात आज आलात. तेही भांडायला."

डबा घेऊन आलो. राग अजून आहे, खोटं कशाला बोलू? पण पोहे भरायला फडताळ उघडलं, तर मागे एक पातेली. तिच्यावर सुनंदाताईंच्या यजमानांचं नाव.

तुम्ही या ग्रुपवर नक्की कशासाठी येता हो? वस्तूंसाठीच?

पातेलीत कांदेपोहे भरलेत. मऊ आहेत, पण रिकामी कशी परत द्यायची? समोरची बेल वाजवायला निघालोय.