बिदाईच्या गाण्यातली थांबायची जागा

आमचे शेजारी, आमगावचे बँडमास्तर कुंजीलाल, २००८ साली माझ्या आईचं बिदाईचं, पोवारी बोलीतलं गाणं कॉम्प्युटरवर नोटेशनमध्ये लिहायला बसले. ते आता फक्त तिलाच येत होतं, आणि तिचा आवाज जात चालला होता. पाच रेघांवर मास्तर माऊसनं एकेक ठिपका असा ठेवत, जणू निवडलेले खडे तांदळात परत टाकून राहिले.

दुसऱ्या ओळीपाशी गाडी अडली.

"माय, इथं किती मात्रा थांबतेस?"

"नवरीचं रडणं थांबते तवर."

"आकडा सांग ना."

"कोनाची पोरगी हाय, ते सांग पयले."

मास्तरांच्या मुलीचं, हर्षिताचं लग्न ठरलं होतं, म्हणून मी चिडवलं, "मास्तर, घरच्याच पोरीच्या मापानं टाका."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी चार मात्रा टाकल्या, पुसल्या, आठ टाकल्या, त्याही पुसल्या. आकड्याशिवाय कॉम्प्युटर पुढं सरकेना, आणि आई तिसरी ओळ न गाताच खोकत बसली.