शिरोळच्या मळ्यात कळलेली भावकी

सुनंदाच्या लग्नाला मी जाणारच होते, पण पाच दिवसांची रजा मिळाली ती एका शब्दामुळे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी मूळची अमरावतीची. पुण्यात एका शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम करत होते. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी सुनंदा शाळेत शिकवायची. तिचं गाव शिरोळच्या पुढं, कृष्णाकाठी. रजेचा अर्ज घेऊन गेले तेव्हा आमचे वरिष्ठ ‘भ’च्या चिठ्ठ्या तपासत होते. ‘भावकी’च्या चिठ्ठीवर मी फक्त ‘भाऊबंदकी पाहा’ एवढंच लिहिलं होतं. दोन्ही एकच कशावरून, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, त्याच मुलखात निघाला आहात, तर लोकांना विचारून या.

भाऊबंदकी हा शब्द मला आधीपासूनच गमतीचा वाटायचा. भाऊ म्हणजे भ्राता आणि बंद म्हणजे बंधू. एकाच शब्दात भाऊ दोनदा आलाय, आणि अर्थ मात्र भावाभावांचं भांडण.

स्वारगेटहून सकाळची एसटी घेतली. आता चौपदरी रस्त्यावरून तुम्ही चार-साडेचार तासांत पोचता. तेव्हा खंबाटकीचा घाट चढताना गाडी दमायची, साताऱ्याला चहा, कराडला जेवण, आणि कोल्हापूर येईपर्यंत दुपार उलटलेली असायची. मुक्काम सुनंदाच्या मावशीकडे होता. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर फिरणं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ. सोबत पाव येतो आणि कट, म्हणजे तिखट रस्सा, लागेल तेवढा मिळतो. तो मी वऱ्हाडी तोऱ्यात दोनदा मागून घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाले, “पावणं, दमानं घ्या की.”

मावशीला भावकीचा अर्थ विचारला. भाकरी थापता थापताच तिनं सांगितलं, मयताला निरोप न धाडता येतात ती भावकी. मी वहीत उतरवून घेतलं.

कोल्हापूरहून जयसिंगपूर, तिथून दुसऱ्या एसटीनं शिरोळ आणि पुढं टांगा. अजूनही जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. दोन्ही बाजूंना उभा ऊस असतो, गुऱ्हाळांवरून गुळाचा वास येतो आणि रस्ते कोरडे असतात. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की हा भाग पाण्यात जातो.

टांगेवाले सलीमभाई गप्पिष्ट होते. त्यांना शब्द विचारला तर म्हणाले, आमच्यात बिरादरी म्हणत्यात. मला गंमत वाटली, कारण फारसीत बिरादर म्हणजेही भाऊच. मग त्यांनी आपणहूनच सुनंदाच्या घरची कथा सांगितली. तिचे वडील आण्णा आणि धाकटे चुलते तात्या, दोघं सख्खे भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं. सहा वर्षं झाली, बोलणं नाही. तात्या गाव सोडून मळ्यात राहायला गेले.

घरी मांडव पडला होता. लग्न परवा. सुनंदा मला बघून हसली, पण जरा वेळानं मागच्या दारी घेऊन गेली आणि रडली. आण्णांनी तात्यांना पत्रिका धाडलीच नव्हती. लहानपणी तिला खांद्यावर बसवून नदीवर नेणारा हा चुलता. त्याच्याशिवाय अक्षता घ्यायच्या हे तिला सोसत नव्हतं. तिनं पत्रिकेला हळदकुंकू लावून माझ्या हातात दिली. घरातलं कुणी गेलं तर बोभाटा झाला असता. मी परकी. शिवार बघायला निघाले, असं सांगून बाहेर पडले.

मळा अर्ध्या तासाच्या वाटेवर होता. तात्या अंगणातच बसले होते. पत्रिका त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि तेवढ्यात आतून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. मी आनंदानं आत जायला निघाले, तर तात्या उठून दारात आडवे उभे राहिले.

“पोरी, तू काय ऐकलं न्हाईस,” ते म्हणाले.

मला काहीच कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. सून आज पहाटे बाळंत झाली होती. नातू झाला होता, पहिलाच. भावकीत मूल झालं की सगळ्या भावकीला दहा दिवसांचं सुयेर लागतं. पुस्तकी भाषेत आपण त्याला सोयर म्हणतो. त्या दिवसांत घरात मंगलकार्य होत नाही. म्हणजे बातमी गावात गेली की सुनंदाचं लग्न मोडलं नाही तरी पुढं ढकललं जाणार, आणि मुलाकडची माणसं तर निघण्याच्या तयारीत.

“कानावर गेलं न्हाय तर लागत न्हाय,” तात्या म्हणाले. “म्हणून नातू झाल्याची थाळी वाजीवली न्हाय, की साखर वाटली न्हाय. पोरगी सासरी जाऊ दे, मग सांगीन.”

सहा वर्षं तुम्ही बोलत नाही, मग सुयेर कसलं, असं मी विचारलं. ते माझ्याकडे जरा चमकूनच बघायला लागले.

“बोलणं बंद हाय, पोरी. भावकी कशी बंद हुईल?”

सुनंदाला सांगू नकोस, असं त्यांनी मला बजावलं. तात्यांच्या बायकोनं पदराआडून बाळ दाखवलं. लालभडक, मुठी आवळलेलं. मी परकी, मला ना सोयर ना सुतक.

पुढचे दोन दिवस मला जड गेले. तात्या येणार नाहीत एवढंच मी सुनंदाला सांगितलं, आणि तिनं कारण विचारल्यावर तोंड फिरवून हळदीच्या वाट्या भरत बसले. लग्न थाटात लागलं. बुंदी, मसालेभात, वांग्याचं भरीत, पंक्तीवर पंक्ती. पण प्रत्येक पंगतीत कुणीतरी म्हणायचंच की सख्खा चुलता अक्षतेला आला न्हाय. आण्णा ऐकून घेत होते. शेवटी पाहुण्यांसमोर म्हणाले, “माझा भाऊ मेला त्यादिशीच.” मी खाली मान घालून पानातला भात कालवत राहिले.

उन्हं कलताना वरात निघाली. जाताना सुनंदाची नजर मळ्याच्या वाटेकडे गेली, ते मी पाहिलं. गाडी वळणाआड गेली तसं मला राहवलं नाही. आण्णा रिकाम्या मांडवात खांबाला टेकून बसले होते. त्यांच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. बाळाचं रडणं, न वाजलेली थाळी, कपाळाला लावलेली पत्रिका.

पहिला नातू ना, एवढंच त्यांनी विचारलं. मग उठले, सुनंदाच्या आईला हाक मारली आणि भरल्या आवाजात म्हणाले, “आंघोळीला पाणी काढ. आमास्नी सुयेर लागलंय.”

ती माउली पदर तोंडाला लावून आत पळाली. अंघोळ झाल्यावर आण्णांनी ओल्या केसांनिशीच बुंदीचं मोठं पातेलं उचललं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मी मागून चालत होते. तात्या अंगणात गवत टाकत होते. त्यांनी थोरल्याला येताना पाहिलं आणि हातातली पेंढी तशीच धरून उभे राहिले. आण्णांनी पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, “थाळी कुटं हाय तुझी? आण हिकडं.”

आणि ती थाळी आण्णांनी स्वतः वाजवली. पार गावापर्यंत ऐकू गेली असेल.

पुण्याला परतताना गाडीत मला पाटीलकी आठवत होती. पाटीलकी म्हणजे पाटलाचा हक्क, आणि त्याच्यावर येऊन पडणारं कामही. भावकीतला ‘की’ही तसाच असावा. माणूस आवडो न आवडो, त्याच्या घरच्या जन्मामरणात तुमचा वाटा असतोच. कोशात ‘भावकी’ला वेगळी नोंद मिळाली, तीन ओळींची. त्या ओळींत मावशीची भाकरी नाही की तात्यांचं दारात आडवं उभं राहणं नाही. कोशात ते मावतही नाही. मला मात्र तो शब्द वाचताना आधी तेच दिसतं.

पुढं महिन्याभरानं सुनंदाचं पत्र आलं. बारशाला ती माहेरी गेली होती. बाळाचं नाव आण्णांनी ठेवलं, आणि त्याच दुपारी पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं. तिनं लिहिलं होतं, आम्ही सगळ्या बायका पाळण्याभोवती बसून ते ऐकत होतो आणि हसत होतो.