कमलचा ओ गट

दवाखान्याचे किस्से कुणी जमवत नाही. संध्याकाळी पडवीत चार जुनी माणसं बसली की ते आपोआप निघतात. मालवणच्या दवाखान्यात मी रक्त तपासायचो. माझी पत्नी कमल गेल्यापासून मी फारसं सांगत नाही. परवा मात्र निघालेच.

तेव्हा आमच्याकडे रक्तपेढी नव्हती. रक्त लागलं की माणूसच शोधायचा. डॉक्टर मुंबईहून येणारी मासिकं वाचून समजावत, "रक्ताच्या पेशीवर साखरेचे अगदी बारीक कण असतात. ए गटाचे वेगळे, बी गटाचे वेगळे. परके दिसले की शरीर त्या पेशी मारून टाकतं."

हे ऐकून आमचे मधुमेही तात्या हादरले. "डॉक्टरानू, तुम्हीच माका साखर सोडूक सांगितलात. आता माझो गट खंयचो?"

"होता तोच. ही साखर चहातली नव्हे, तात्या."

"मगे चाय गोड चलात?"

मासे विकणारी जानकी बाळंतपणात अडली, फार रक्त गेलं. नवरा रक्त द्यायला बसला. आधी भावकीतल्या म्हाताऱ्याने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, दोघांचा रगात जुळवून दी!"

"व्हय म्हाराजा!" बाकीचे म्हणाले.

काचेवर दोघांच्या रक्ताचे थेंब मिसळले. गुठळ्या झाल्या, म्हणजे जुळलं नाही.

"परत बघा," म्हातारा म्हणाला. "नारळ कुजको होतो."

दुसरा नारळ चांगला निघाला. गुठळ्या त्याच.

शेवटी कमलला बोलावलं. तिचा ओ गट. त्या पेशीवर ए-बीपैकी कुठलीच साखर नसते, म्हणून तिचं रक्त कुणालाही चालायचं. जानकी वाचली. पुढे बरेच जण वाचले. दर वेळी मी कमलला गूळपाणी द्यायचो. "गुळासाठीच येते मी," ती म्हणायची.

तात्या मला चिडवत, "अरे, अर्ध्या मालवणात तुझी बायको फिरता!"

मग कमललाच रक्त लागलं. ओ गटाला फक्त ओ चालतो. माझा बी. कणकवलीला ओ गटाच्या रक्तासाठी माणूस धाडला होता, तो परतला नव्हता. बाहेर बघतो तर तिचं रक्त घेतलेली माणसं जमलेली, त्यात ओ गटाचं कुणीच नाही, आणि जानकी सगळ्यांच्या पुढे.

मी म्हटलं, "जानकी, तुझा ए गट. तुझं रक्त तिला चालणार नाही."

तिने दंड पुढे केला.

"भाऊ, माझा घेव नकात. वैनीचा जा माझ्यात घातलात, ता तेवढा काढून घेवा."