गाळलेला ठोका

रफूवालीचा नवरा जन्मभर ढोल वाजवत आला. वर्षापूर्वी त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि घास गिळायचा असतो हेही तो विसरला. भरवलेलं गालात धरून बसायचा. युक्ती शेवटी रफूवालीनेच शोधली. पेरणीचं चार ओळींचं गाणं म्हणायचं आणि शेवटी टेबलावर एक ठोका द्यायचा. ठोका पडला की तो गिळायचा. एका वाटीला वीस वेळा गाणं. सून म्हणायची, "आई, भिंतीपलीकडच्या वहिनींनाही पाठ झालंय."

गावात आलेल्या पिक्चरवाल्यांचे कपडे रफू करताना ती हेच गाणं गुणगुणत होती, ते त्यांनी ऐकलं. पिक्चर भुताचा. दहा बायका, त्यांत तीही, हसऱ्या चेहऱ्याने, पापणी न लववता ते म्हणणार, मध्ये एक अनोळखी पाहुणा बसलेला.

"यात भिण्यासारखं काय आहे?" तिने विचारलं.

"मावशी, शेवटचा ठोका गाळायचा," दिग्दर्शक म्हणाला. "हात वर न्यायचा आणि तिथेच ठेवायचा. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पाहिजे."

दोन दिवसांत चाळीस वेळा तिने हात हवेत धरला. पहिल्या दिवशी चुकून ठोका पडायचा. दुसऱ्या दिवशी एकदाही पडला नाही. घरी सून त्याला घोट घोट दूध पाजत होती, तेवढंच उतरत होतं.

तिसऱ्या दिवशी ती लापशी घेऊन बसली. गाणं झालं, हात वर गेला आणि थांबला. नवरा घास गालात धरून त्या हाताकडे बघत राहिला.

"आई, द्या ना ठोका."

"देतेय गं. पडत नाही."

उशिरा दिलेला ठोका त्याला पटेना. सुनेने दिला, तर त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. गाण्याशिवाय दिला, तर कोणी आलं की काय म्हणून दाराकडे बघायला लागला.

दोन दिवसांनी घरी तपासायला येणाऱ्या नर्सने त्याच्या दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली. "अंगातलं पाणी कमी झालंय. नुसत्या दुधावर भागणार नाही. उद्या सकाळी नाकातून नळी घालू." मागच्या वेळी त्याने नळी उपसू नये म्हणून त्याचा डावा, चांगला हात खाटेला बांधून ठेवला होता. सोडल्यावर त्या हाताची मूठ आठवडाभर उघडलीच नव्हती.

संध्याकाळी सुनेने घास भरवला. रफूवालीने त्याचा तोच डावा हात टेबलावर ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि गाणं म्हटलं. शेवटच्या ओळीला तिचा हात वर जाऊन थांबला. खालची बोटं हलली. त्याचा हात सावकाश वर आला, तिच्या हाताखाली पोहोचला आणि तिथेच थांबला.

सुनेने बोट घालून घास काढला, त्याचं तोंड पुसलं.

"दुसरा घास भरव," रफूवाली म्हणाली, आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाली.